सायकलवर मासळी, आणि गुडघे बोलतात?

उधना, लिंबायत, डिंडोलीकडे सायकलवर मासळी विकणाऱ्या भावांनो, फेरी चुकली की दिवसाची कमाई गेली. म्हणून गुडघे बोलायला लागले तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आधी सीट बघा.

सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. समोरून दुखतं ते बऱ्याचदा यामुळेच. आपल्याला सवयच अशी, थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत! मोजायचं कसं? भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना मात्र चवडा ठेवायचा, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर सीट जास्त वर असेल, थोडी खाली घ्या.

सुरतेत पूल जागोजागी. मागे भरलेली पाटी आणि सायकलला गिअर नाही, तर चढावर उतरून ढकला. त्यात कमीपणा कसला? टायरमध्ये हवाही भरपूर ठेवा.

दुखलं तर दोन-चार दिवस फेऱ्या कमी करा. बर्फ आपल्याकडे असतोच: फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. उघड्या कातडीवर नको, अन् मासळीच्या पेटीतला तर नकोच. सूज आली, गुडघा अडकला किंवा पायावर भार घेता येईना, तर मालिश करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.