पेटीवरचे गोविंदराव

नाट्यगीतांच्या कार्यक्रमानंतर आपल्यापैकी काहीजणींनी विचारलं होतं की, या पदांना चाली लावतं कोण? गाणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत असतं, लिहिणाऱ्याचंही कधीकधी असतं. चाल देणारा मात्र पेटीमागे बसलेला असतो आणि तिथेच राहतो. म्हणून आज आपण गोविंदराव टेंब्यांविषयी बोलू.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म 1881 चा, कोल्हापूरकडचा. शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर म्हणजे गाण्याचं गाव. अल्लादिया खाँसाहेब तिथे दरबारी होते. भास्करबुवा बखल्यांना गोविंदराव गुरू मानत आणि त्यांच्या गाण्याला पेटीची साथ करत. बुवांच्या गळ्यातून काय निघतंय ते कान देऊन ऐकायचं आणि बोटांनी पट्ट्यांवर धरायचं, हीच त्यांची शाळा.

आता ही पेटी मुळात आपली नव्हे. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने 1842 मध्ये हार्मोनियमचा हक्क नोंदवला. ती खुर्चीवर बसून पायाने भाता मारायची, म्हणजे आपण जिला पायपेटी म्हणतो ती. आपले गवई बसणार जमिनीवर, मांडी घालून. म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातपेटी घडवली. एका हाताने भाता, दुसऱ्याने सूर. आत काय होतं, तर पट्टी दाबली की खालचं भोक उघडतं, भात्यातली हवा त्यातून सुटते आणि पितळेची बारीक जीभ थरथरते. नाटकवाल्यांचा ऑर्गन याच घराण्यातला, फक्त त्यात हवा बाहेर ढकलली जात नाही, आत ओढली जाते. त्यामुळे आवाज मऊ, गोल येतो. भाता पायाने मारायचा, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. लाउडस्पीकर नव्हता तेव्हा तंबोऱ्याचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत जाईना, ऑर्गनचा जाई. गाणाऱ्याने श्वास घेतला तरी मधली जागा रिकामी राहत नसे.

तोवर नाटकातल्या पदांच्या चाली बहुतेक वेळा नाटककारच ठरवत. 1911 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचं ‘मानापमान’ आणलं, आणि चाली देण्याचं काम गोविंदरावांकडे आलं. त्यांनी साकी-दिंडीच्या जुन्या वाटेने न जाता पूरबकडची ठुमरी, दादरा, कजरी यांच्या वळणाच्या चाली आणल्या. श्रीमंत बापाची मानी भामिनी, गरीब सैनिक धैर्यधर, आणि हे गाणं. लोक वेडे झाले. (12 मार्चच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्या दिवशी मुलीच्या आईचं काय झालं असेल, हे सांगताना सहसा कुणी थांबत नाही.)

इथे आम्हाला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ठुमरी-दादरा ही कला पिढ्यानपिढ्या सांभाळली कुणी? लखनौ-बनारसच्या गाणाऱ्या बायकांनी, तवायफांनी. त्यांच्या दाराशी जाणं घरंदाज माणसाला कमीपणाचं वाटे, आणि त्यांच्या घरच्या बायकांना तर ते गाणं कानावर पडणंही अशक्य. तेच गाणं गोविंदरावांच्या हातून नाटकात आलं आणि नऊवारी नेसलेल्या एका पुरुषाच्या तोंडून घराघरांत गेलं. नाटकगृहात बायकांसाठी वेगळ्या राखलेल्या जागेत बसून आपल्या पणज्यांनी ते ऐकलं आणि स्वयंपाक करताना गुणगुणलं. गोविंदरावांचं हे देणं मोठंच आहे. पण ज्यांच्याकडून हे वळण आलं, त्या बायकांची नावं नाटकाच्या जाहिरातीवर नव्हती, हेही तितकंच खरं.

1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव अशा तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘विद्याहरण’च्या चालीही गोविंदरावांच्याच. पण भागीदारी टिकली नाही. त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली, नाटकं लिहिली, ‘महाश्वेता’सारखी संगीतिका लिहिली आणि ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तकही लिहिलं.

मग सिनेमा बोलू लागला. 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. संगीत गोविंदरावांचं आणि हरिश्चंद्रही तेच. वय पन्नास! तारामती होत्या दुर्गा खोटे. म्हणजे ज्या माणसाच्या चालींवर एका पुरुषाने भामिनी गाजवली, त्याच्याच चालींवर वीस वर्षांनी चांगल्या घरातली एक बाई राणी म्हणून पडद्यावर उभी राहिली.

आणि आता रेडिओची गोष्ट, कारण आपण रेडिओवरच बोलतोय. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली. म्हणणं असं की, तिचे सूर ठोकून बसवलेले; दोन सुरांच्या मधली मींड तिला येत नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत. रवींद्रनाथांनाही ती नकोशी होती. आक्षेप खोटा नाही. सा वरून रे वर घसरत जा म्हटलं तर पेटी उडी मारते. पण गोविंदरावांसारखा वादक ती उडी लपवायचा. कुठे पट्टी अर्धवट सोडायची, कुठे भाता हलका करायचा, हे हाताला ठाऊक असलं की कानाला फट जाणवत नाही. ही बंदी 1971 च्या सुमारास सैल झाली. गोविंदराव 1955 मध्ये गेले. म्हणजे आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्यांचं वाद्य रेडिओला चालत नव्हतं.

आपल्या सोलापुरातल्या कितीतरी महिला भजनी मंडळांत आजही टाळ-चिपळ्या बायकांकडे आणि पेटी मात्र कुणा काकांकडे असते. काका आले नाहीत की भजन रद्द. म्हणून पुढच्या महिन्यात आपण पेटीचे पहिले धडे सुरू करतोय: बोटं कशी ठेवायची, भाता कसा धरायचा आणि आपल्या गळ्याची पट्टी कशी ओळखायची. ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी पेटी किंवा पायपेटी पडली असेल त्यांनी कळवावं. भाता उंदरांनी खाल्लेला असला तरी टाकू नका. कातडं बदलता येतं, सूर शाबूत असले म्हणजे झालं.