बिघाडाचा आलेख
स्कॅनर गाडीतील दोषाचा क्रमांक सांगतो. दोष सेन्सरमध्ये आहे की वायरीत, हे सांगतोच असे नाही. मग अंदाजाने सुटे भाग बदलले जातात आणि भुर्दंड ग्राहकाला पडतो. संगणकाला जोडायचा ऑसिलोस्कोप (ब्रिटनमधील पिको टेक्नॉलॉजीचा ‘पिकोस्कोप’ हे परिचित उदाहरण) व्होल्टेजमधील क्षणोक्षणीचे बदल आलेखरूपात दाखवतो. नवशिक्याने बॅटरीपासून आरंभ करावा. तिच्या जाड वायरीभोवती करंट क्लॅम्प लावून, इंधनपुरवठा बंद ठेवून स्टार्टर फिरवावा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत विद्युतप्रवाहाची चार शिखरे उमटतात. एक ठेंगणे दिसल्यास एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आहे, असा संशय घ्यावा. तोही इंजिन न उघडता! इग्निशन कॉइलच्या प्रायमरी बाजूला मात्र व्होल्टेज क्षणभर ३०० च्या पुढे उसळते. तेथे ते घटवणारा अ‍ॅटेन्युएटर न जोडल्यास उपकरणच निकामी होऊ शकते.