कृषी अभियांत्रिकी की प्रॉडक्ट डिझाइन? दापोलीच्या झेल्यातून समजून घ्या

देठ तुटला की आंब्याचा चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि भाव घसरतो. यावर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने देठासह आंबा काढणारा 'नूतन झेला' आणला. 'मलाही असंच काहीतरी बनवायचंय' म्हणणाऱ्या बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा आहेत.

कृषी अभियांत्रिकी (बीटेक)
विद्यापीठाचं महाविद्यालय दापोलीतच आहे. अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रवेश एमएचटी-सीईटीतून. अवजारांसोबत सिंचन, मृद-जलसंधारण, प्रक्रिया आणि ऊर्जा हेही शिकावं लागतं.

डिझाइन (बीडेस)
आयआयटी मुंबईच्या आयडीसीत 'यूसीड' परीक्षेतून प्रवेश मिळतो. बारावीची कोणतीही शाखा चालते. भर असतो निरीक्षण, रेखाटन आणि मॉडेल बनवण्यावर.

कसं ठरवाल?
झेला हातात घ्या. 'पातं किती दिवस टिकेल?' हा प्रश्न आधी पडला, तर अभियांत्रिकी. 'दिवसभर बांबू धरून खांदा भरून येत असेल का?' हा पडला, तर डिझाइन.

दोन्ही पडले तर?
आधी बीटेक, मग 'सीड' परीक्षा देऊन एमडेस करता येतं.

फॉर्म भरण्याआधी
सेमिस्टरनिहाय विषय, वर्कशॉपचे तास आणि शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट पाहा. मी इंजिनीअरिंगची शाखा माहितीपत्रकातले फोटो बघून निवडली. विषयांची यादी नीट वाचली ती दुसऱ्या वर्षी. तुम्ही ती आजच वाचा.