आंबा रंगावर जाऊन घेऊ नये

आखाजी आली की मोर्शीच्या बाजारात एकच सवाल: हापूस, बैगनपल्ली की गावरान? आणि बहुतेक जण पिवळ्या रंगावर भुलतात. संत्र्याच्या मुलखातली माणसं भुलावीत, याचं नवल वाटतं. आंबिया बहराचं संत्रं साल हिरवट असतानाही गोड भरतं, हे इथल्या बागायतदाराला शिकवावं लागत नाही. आंब्याचंही तसंच. लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो, तर पिवळाधमक बैगनपल्ली आतून आंबट निघू शकतो.

‘पाण्यात बुडाला तो चांगला, तरंगला तो कार्बाइडचा’ हे अर्धंच खरं. कोवळं फळ हलकं असतं म्हणून तरंगतं. पूर्ण भरल्यावर तोडलेलं बुडतं. भरलेल्या फळाला कार्बाइड लावलं, तर तेही बुडेलच. तरी परीक्षा टाकाऊ नाही, कारण कोवळा आंबा कशानंही पिकवा, रंग येतो पण गोडी येत नाही.

‘पिकवलेला आंबा म्हणजे विषच’ हेही सरसकट म्हणता येत नाही. कार्बाइडवर बंदी आहे आणि ती रास्तच, कारण त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूला मात्र 2016 पासून 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे. पिकताना आंबा स्वतःच हा वायू सोडतो. घरच्या अढीत तोच कामी येतो.

हापूस म्हटला की देवगडचाच, असं धरून पैसे मोजू नयेत. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला. कर्नाटकातूनही हापूस येतो. तो वाईट नसतो, पण भाव कोकणाचा का द्यावा? शिवाय हापूसमधला साका, म्हणजे आतला खराब झालेला गर, बाहेरून ओळखू येत नाही. रसासाठी पातळ रसाचा गावरान मिळाला, तर मी हापूसकडे वळणार नाही.

चौसा आणि अन्वर रटौल या पाकिस्तानी जाती, असं अनेकांना वाटतं. पिकतात तिकडेही, पण रटौल हे उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातलं गाव आणि चौसा बिहारमधलं. सिंधचा म्हणावा तो सिंधडी. मे 2025 पासून पाकिस्तानातून आयातच बंद आहे, त्यामुळे त्या नावानं कोणी जादा भाव सांगितला तर पुढं चालावं. चौसा हवा असेल, तर उत्तर प्रदेशातला जुलैत येतो.