वस्तादाने राखून न ठेवलेला डाव

दिल्लीहून निघालेली गोवा एक्स्प्रेस सातारा, सांगली, मिरज करत बेळगाव-लोंढ्याकडे वळते, घाट उतरते आणि मडगावला लागते. मडगावजवळच फातोर्डा, तिथे जवाहरलाल नेहरू स्टेडियम. २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम या मैदानाच्या कडेला एक माणूस हाताची घडी घालून उभा असायचा. आर्थर अंतुनीस कोइम्ब्रा, म्हणजे झिको. एकेकाळी ब्राझील ज्याला ‘गोरा पेले’ म्हणायचा, तो आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर फुटबॉल शिकवत होता. सांगली-साताऱ्यात मात्र त्याची फार वार्ता नव्हती. वर्ल्डकप आला की ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात ते वारणेपलीकडे, कोल्हापुरात. आमच्याकडे जत्रा, मैदान आणि कुस्ती.

पण कुस्तीच्या मुलखात वाढलेल्या माणसाकडे प्रशिक्षक जोखायचं एक माप असतं. नावाजलेला मल्ल वस्ताद झाला की त्याने स्वतः मारलेली मैदानं कौतुकाला उरतात, हिशेब मात्र पठ्ठ्यांचा होतो. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६०चे हिंदकेसरी. १९६२ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळवलं, १९६४ला टोकियो ऑलिंपिक खेळले. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बसले ते बसलेच. २०१८मध्ये ते गेले तेव्हा लोकांच्या तोंडी दादू चौगुल्यांसारख्या पठ्ठ्यांची नावं होती. झिकोने नेमकं उलटं केलं. तो गावोगाव फिरला. तरी हेच माप त्याला लावून पाहावं असं मला वाटतं, कारण करंडक मोजायला घेतले तर हिशेब जमत नाही.

सुरुवात तो खेळत होता तिथूनच करावी लागते. ५ जुलै १९८२, बार्सिलोना. वर्ल्डकपमध्ये इटलीशी बरोबरी झाली तरी ब्राझील उपांत्य फेरीत जाणार होता. ६८व्या मिनिटाला फाल्काओने २-२ केलं. दुसरा कुठलाही संघ असता तर माणसं मागे ओढून वेळ काढत बसला असता. ब्राझील पुढेच जात राहिला आणि पाओलो रॉसीने तिसरा गोल मारला. तेले सान्ताना हा त्या संघाचा प्रशिक्षक. देखणं खेळून हरलेल्या त्या संघाचं कौतुक आजही होतं, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या संघाचा दहा नंबर, झिको, पुढे स्वतः प्रशिक्षक झाला तेव्हा तो त्या दुपारचा धडा शिकला होता का, हा प्रश्न त्याच्या मागे आयुष्यभर लागला.

१९९१मध्ये, अडतिशीत, तो जपानला गेला. सुमितोमो मेटल्स या पोलाद कंपनीचा संघ, दुसऱ्या फळीतला, आणि काशिमा हे गाव किर्लोस्करवाडीसारखं कारखान्याच्या आधाराने वाढलेलं. ब्राझीलमध्ये थोडा काळ क्रीडा खात्याचा कारभार पाहून आलेला हा माणूस तिथे हौशी पोरांना चेंडू कसा थांबवायचा, सराव किती गंभीरपणे घ्यायचा इथपासून सांगू लागला. १९९३मध्ये जे-लीग सुरू झाली. त्याच संघाने काशिमा अँटलर्स या नव्या नावाने नागोयाला पहिल्याच सामन्यात ५-० हरवलं, त्यात झिकोचे तीन गोल. अँटलर्स पुढे जपानमधल्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एक झाला. गावात त्याचा पुतळा आहे. बसून काम केलं तर काय उभं राहतं याचा त्याच्या आयुष्यातला हा एकच धडधडीत पुरावा.

२००२मध्ये जपानने राष्ट्रीय संघ त्याच्या हाती दिला. आधीचा फ्रेंच प्रशिक्षक फिलिप त्रुसिए शिस्तीचा कडक. झिकोने पोरांना मोकळं सोडलं. २००४चा आशियाई करंडक त्याने बीजिंगमध्ये चीनला ३-१ने हरवून जिंकला. त्या स्पर्धेत उपांत्य सामन्यात बहारीनविरुद्ध जपान शेवटच्या मिनिटापर्यंत मागे होता, बरोबरी साधली आणि जादा वेळेत ४-३ने जिंकला. तेव्हा शेवटच्या मिनिटांनी त्याला नेहमीच दगा दिला असं म्हणता येत नाही. पण दोन वर्षांनी, १२ जून २००६ला जर्मनीतल्या वर्ल्डकपमध्ये, नाकामुराच्या गोलवर जपान ऑस्ट्रेलियाच्या पुढे होता. ८४व्या मिनिटापर्यंत! मग आठ-नऊ मिनिटांत तीन गोल खाल्ले. क्रोएशियाशी बरोबरी, ब्राझीलकडून १-४ हार, आणि स्पर्धा आटोपली.

त्यानंतरची सात-आठ वर्षं भराभर उरकण्यासारखीच आहेत, कारण त्याने ती भराभर जगली. इस्तंबूलच्या फेनरबाचेला क्लबच्या शताब्दी वर्षात लीग जिंकून दिली, २००८मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेलं. तिथे घरच्या मैदानावर चेल्सीला २-१ हरवलं, लंडनमध्ये ०-२ने गाशा गुंडाळला. माझ्या मते प्रशिक्षक म्हणून ते त्याचं सर्वांत भरीव काम. करार वाढला नाही. काही महिने उझबेकिस्तानात, तिथे लीग आणि चषक दोन्ही. मग मॉस्कोचा सीएसकेए. सप्टेंबर २००९मध्ये तिथून हकालपट्टी, त्याच महिन्यात ग्रीसच्या ऑलिंपियाकोसमध्ये नेमणूक, जानेवारीत तिथूनही नारळ. इराकचा राष्ट्रीय संघ त्याने २०१२च्या नोव्हेंबरात सोडला तो तिथल्या महासंघाने करार पाळला नाही म्हणून. मग कतार. हा सगळा प्रवास बिदागीवर मैदानं करणाऱ्या मल्लासारखा वाटतो, वस्तादाचा नाही.

म्हणून गोव्याची तीन वर्षं मला महत्त्वाची वाटतात. नवी कोरी इंडियन सुपर लीग (आयएसएल), हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. एवढ्यात कुणी काय घडवणार? तरी पहिल्या हंगामात धडपडत सुरुवात केलेला एफसी गोवा गुणतक्त्यात दुसरा आला. कोलकात्याविरुद्धच्या उपांत्य फेरीत दोन्ही सामने ०-०, आणि फातोर्ड्यात पेनल्टीवर हार. दुसऱ्या हंगामात संघ तक्त्यात अव्वल. १७ नोव्हेंबर २०१५ला त्याने मुंबई सिटीला ७-० धुतलं; नायजेरियाचा डुडू आणि मणिपूरचा हाओकिप, दोघांची हॅटट्रिक. टीव्हीवर तो सामना पाहताना सातवा गोल झाला तरी पोरं परत पुढेच धावताना दिसली. बार्सिलोनाच्या त्या दुपारचंच रक्त.

आणि मग २० डिसेंबरची अंतिम लढत, घरच्याच मैदानावर, चेन्नईयनविरुद्ध. समोर प्रशिक्षक मार्को मातेराझी, म्हणजे पुन्हा एक इटालियन. चेन्नईयन पुढे गेला, हाओकिपने लगेच बरोबरी केली. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी पेनल्टी अडवून तगला होता. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर चेंडू जाळ्यात घातला. फ्री किक हे ज्याचं आयुष्यभराचं हत्यार, त्या माणसाच्या संघाने फ्री किकवरच आघाडी घ्यावी! फातोर्डा वेडं झालं. मैदानावर मात्र करायचं एवढंच होतं: चेंडू कोपऱ्यात न्यायचा, घड्याळ चालू द्यायचं. ते कुणी केलं नाही. ९०व्या मिनिटाला चेंडू कट्टीमनीच्याच हाताला लागून आत गेला. स्वयंगोल. भरपाई वेळेत मेंडोझाने तिसरा मारला. ३-२. बार्सिलोनालाही हाच आकडा होता.

वस्तादाने शिष्यांना सगळे डाव शिकवावेत, एक राखून ठेवावा, असं तालमीत म्हणतात. झिकोकडे राखून ठेवायला काही नव्हतं. जे होतं ते सगळं त्याने पहिल्या दिवसापासून दाखवून टाकलं: पुढे जा, गोल करा. सामना मिटवण्याची, बंद करण्याची कला ज्याला येते तो मोठा व्यवस्थापक होतो, आणि ती त्याला एकतर आली नाही किंवा त्याने ती हलकी मानली. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

तिसरा हंगाम वाईट गेला. अंतिम सामन्यानंतरच्या वादावरून क्लबवर शिस्तभंगाची कारवाई झाली होती, संघाची घडी विस्कटली होती, आणि आठ संघांत गोवा आठवा आला. गंमत म्हणजे त्याच हंगामात मुंबई सिटीला तक्त्यात पहिलं आणणारा अलेक्झांद्रे गिमाराइस हाही ब्राझीलमध्येच जन्मलेला. फक्त तो कोस्टारिकाकडून खेळला आणि बचाव भक्कम करायला तिथेच शिकला असावा. झिकोचा फातोर्ड्यातला शेवटचा सामना १ डिसेंबर २०१६ला झाला, पुन्हा चेन्नईयनशी. निकाल ५-४. गोवा जिंकला. तळाला असलेल्या संघाने नऊ गोलांचा सामना खेळावा, यात सगळा माणूस आला.

आता पठ्ठ्यांचा हिशेब. असोळण्याचा रोमिओ फर्नांडिस झिकोच्या पहिल्या हंगामात चमकला आणि २०१५मध्ये थेट ब्राझीलच्या अॅटलेटिको परानाएन्सेत खेळायला गेला. तिथे त्याचं बस्तान बसलं नाही, पण गोव्याच्या पोराने ब्राझीलच्या क्लबचा शर्ट घातला हे काही कमी नाही. म्हापशाचा मंदार राव देसाई झिकोच्या संघात डाव्या बगलेवर रुळला, पुढे बचावात गेला, मुंबई सिटीकडून विजेता झाला आणि आयएसएलमध्ये १०० सामने खेळणारा पहिला खेळाडू ठरला. अर्थात या पोरांचं सगळं श्रेय झिकोला देणं अन्यायाचं होईल. ती आधी धेंपो आणि गोव्याच्या इतर क्लबांच्या मातीत तयार झालेली होती. झिकोने त्यांना मोठ्या परदेशी नावांच्या शेजारी उभं केलं, आणि चूक झाली म्हणून लगेच बाकावर बसवलं नाही.

झिको स्वतः २०१८मध्ये तांत्रिक संचालक म्हणून काशिमाला परतला. त्याच वर्षी अँटलर्सने पहिल्यांदा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. जिथे मुळं धरली होती तिथेच पुन्हा फळ आलं. पुढे तो तिथे सल्लागार झाला.

आणि कट्टीमनी? त्या स्वयंगोलनंतर लोकांनी त्याला बरंच ऐकवलं. २० मार्च २०२२ला तो हैदराबादकडून आयएसएलचा अंतिम सामना खेळला, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध, त्याच फातोर्ड्यात. १-१ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउट झालं. त्यात त्याने तीन फटके अडवले आणि हैदराबाद विजेता ठरला.