सिंगापूर ते न्यूयॉर्क : न थांबता १५,३०० किलोमीटर

अंतर : सरळ हवाई अंतर सुमारे १५,३०० कि.मी. मुंबई–लंडनच्या (सुमारे ७,२०० कि.मी.) दुपटीहून जास्त.

वेळ : साधारण साडेअठरा ते एकोणीस तास. वाऱ्यानुसार कमी-अधिक.

मार्ग : पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो. तरी न्यूयॉर्कला जाताना विमाने बहुधा प्रशांत महासागरावरून जातात. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे, म्हणजे जेट स्ट्रीम, पाठीशी असल्याने लांबच्या वाटेनेही इंधन आणि वेळ वाचतो.

विमान : एअरबस ए३५०-९०० यूएलआर. इंधनक्षमता १,६५,००० लिटर. वजन आटोक्यात राहावे म्हणून आसने फक्त १६१ : बिझनेस ६७, प्रीमियम इकॉनॉमी ९४. साधा इकॉनॉमी वर्ग नाही.

इतिहास : सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाची थेट सेवा २००४मध्ये सुरू केली. चार इंजिनांच्या विमानाचा इंधनखर्च परवडेना, म्हणून ती २०१३मध्ये थांबली. दोन इंजिनांच्या नव्या विमानासह २०१८मध्ये पुन्हा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाची थेट सेवा २०२०पासून.

घड्याळ : उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे, हिवाळ्यात १३ तास. जुलैत रात्री बाराला निघालेला प्रवासी साडेअठरा तासांनी उतरतो, तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात.