माल कुठून येतो? भाग ६ : एका झडपेपायी

चिठ्ठी आली की तेवढाच माल करायचा, चिठ्ठी नसेल तर मशीन थांबवायचं. मागच्या भागात ताइइची ओनोंची ही कानबान पद्धत पाहिली. ती समजल्यावर कोणाच्याही मनात एक शंका येते : गोडाऊन असं रिकामं ठेवलं आणि एके दिवशी समोरून मालच आला नाही, तर?

टोयोटाला याचं उत्तर १ फेब्रुवारी १९९७ रोजी मिळालं. वार शनिवार, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. जपानच्या आयची प्रांतात करिया नावाचं शहर आहे. तिथल्या आयसिन सेकी कंपनीच्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्यात आग लागली आणि पाचशेच्या वर मशीन जळाली. आयसिन ही टोयोटाच्याच कुटुंबातली कंपनी. जळालेल्या मशीनवर तयार होत होती ब्रेकची एक झडप, कारखान्याच्या भाषेत पी-व्हॉल्व्ह.

ही झडप मुठीएवढी, आणि मोटारीच्या किमतीत तिची किंमत शोधावी लागेल इतकी कमी. तिचं काम मात्र चोख. जोरात ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. पुढच्या चाकांइतकाच दाब तेव्हा मागेही गेला, तर मागची चाकं जाम होऊन गाडी घसरेल. म्हणून ही झडप मागे जाणारा दाब आवरून धरते. ती नसेल तर गाडी लाइनवरून उतरवता येत नाही. बाकीची गाडी तयार असली तरी ती तशीच उभी राहते.

आयसिन रोज साडेबत्तीस हजार झडपा करायची आणि टोयोटाला लागणाऱ्या झडपांपैकी ९९ टक्के तिथूनच यायच्या. यावर आपला पहिला शेरा ठरलेला : सगळा भार एकाच ठिकाणी टाकणं हा शुद्ध वेडेपणा! पण खरेदी विभागात काम केलेल्या माणसाला विचारा. आयसिनचा माल सरस, भाव कमी, वर्षानुवर्षं तक्रार नाही. अशा वेळी केवळ खबरदारी म्हणून दुसऱ्या कोणाकडून महाग झडप घ्यायची, तर वरिष्ठांना काय सांगणार? एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याचा निर्णय सहसा कोणी एके दिवशी बसून घेत नाही. दर वर्षीच्या शहाण्यासुरत्या निर्णयांतून तो आपोआप घडत जातो.

आग शनिवारी लागली आणि मंगळवारी टोयोटाच्या लाइन थांबू लागल्या. झडपांचा साठा किती होता, ते यावरूनच मोजा. बुधवारपर्यंत टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे कारखाने बंद होते. रोज पंधरा हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पडत होत्या, तिथे सगळं चिडीचूप. मागे सीटवाले, काचवाले, वायरिंगवाले यांनाही हात बांधून बसावं लागलं, कारण चिठ्ठीच येईना.

ही साखळी तुटली कशी, हे बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतं. मला ती कशी जोडली गेली यात जास्त रस आहे.

आग विझायच्या आतच आयसिनच्या लोकांनी कच्च्या मालाची, ड्रॉइंगची आणि टेलिफोनची जमवाजमव सुरू केली. कोणकोण झडप करून देऊ शकेल, याची विचारणा आयसिनच्या आणि टोयोटाच्या पुरवठादारांकडे गेली आणि मागोमाग ड्रॉइंगही गेली. आता अडचण अशी, की झडपांचे प्रकार शंभराच्या वर. आयसिनकडे त्या खास त्याच कामासाठी घडवलेल्या मशीनवर व्हायच्या, आणि ती मशीन तर जळून गेलेली. इतरांकडे होती साधी मिलिंगची आणि ड्रिलिंगची मशीन. म्हणजे ड्रॉइंग एकच, पण वाट प्रत्येकाला आपापली शोधायची होती. कोणता कट आधी घ्यायचा, जॉब कशात पकडायचा, फिक्श्चर कसं बनवायचं, टूल कुठून आणायचं, सगळंच. एकाला जमलेली युक्ती दुसऱ्याला कळवली जाई.

अशा ६२ कंपन्या झडपा करायला बसल्या. त्यांच्या मागे टूल, माल, मोजमाप पुरवणाऱ्या आणखी कितीतरी, सगळ्या धरून दोनशेच्या वर. ब्रदर ही शिवणयंत्रं बनवणारी कंपनी. तिने मोटारीचा सुटा भाग कधी केलेला नव्हता. तिथल्या लोकांनी एक मिलिंग मशीन बदलून घेतलं आणि दिवसाला जेमतेम ४० झडपा काढल्या. साडेबत्तीस हजारांपुढे ४० म्हणजे काय, असं वाटेल. पण असे थेंब थेंब सगळीकडून येत होते. क्योरित्सू सांग्यो नावाच्या एका छोट्या पुरवठादाराने आगीनंतर चौथ्या दिवशी वापरण्याजोग्या पहिल्या एक हजार झडपा पोचवल्या. आठवड्याच्या शेवटी लाइन हळूहळू हलू लागल्या आणि १० फेब्रुवारीच्या सुमारास टोयोटाचं उत्पादन जवळपास पूर्वपदावर आलं. दरम्यान न बनलेल्या गाड्यांचा आकडा सुमारे ७० हजार. त्यातल्या बहुतेक पुढे ओव्हरटाइम करून भरून काढल्या.

या सगळ्या धावपळीत भाव ठरला नव्हता. ड्रॉइंग कोणाच्या मालकीचं, खर्च कोण देणार, याची लेखी बोलणीही झाली नव्हती. आधी झडप करा, पैशाचं मग बघू. जपानी उद्योगात अशा एकमेकांत गुंतलेल्या कंपन्यांच्या गटाला केइरेत्सू म्हणतात. मला त्याला 'भावकी' म्हणावंसं वाटतं. आपल्याकडे भावकी म्हटलं की आधी बांधावरची भांडणं आठवतात, पण लग्नघरात ऐनवेळी काही बिनसलं तर गल्लीतल्या चुली पेटतात, त्याही भावकीच्याच.

ही भावकी ओळखीच्या घरांपुरती मात्र असते. त्याचा प्रत्यय १४ वर्षांनी आला. ११ मार्च २०११च्या भूकंपात इबाराकी प्रांतातला रेनेसास कंपनीचा नाका इथला चिपचा कारखाना मोडला. रेनेसास टोयोटाला चिप थेट विकत नव्हती. चिप जायची कंट्रोल युनिट बनवणाऱ्याकडे, तिथून ते युनिट पुढे. आपल्याला माल देणारे टोयोटाला तोंडपाठ होते. त्यांना कोण देतं, आणि त्या देणाऱ्यांना आणखी कोण, इथे मात्र अंधार होता. कागदावर पुरवठ्याची रचना पिरॅमिडसारखी काढतात : वर एक कंपनी, खाली रुंद होत जाणारा पाया. खाली उतरून पाहिलं तेव्हा तो पाया पुन्हा निमुळता होत गेलेला दिसला. वरच्या दोन पुरवठादारांकडून माल घेऊन आपण जोखीम वाटली असं समजायचं, आणि ते दोघेही चिप आणायचे एकाच दारातून!

त्याच भूकंपातली रंगाची गोष्ट तर अजब आहे. मोटारीच्या रंगाला चकाकी देणारं शिरालिक नावाचं एक रंगद्रव्य जर्मनीची मर्क कंपनी बनवायची, पण ते तयार व्हायचं फक्त जपानमध्ये, ओनाहामाच्या कारखान्यात. तो बंद पडला आणि अमेरिकेत फोर्डला काही काळ्या-लाल छटांच्या गाड्यांची मागणी घेणं थांबवावं लागलं. गाडी तयार, इंजिन तयार, आणि अडलं कशावर? चकाकीवर.

नाकाचा कारखाना उभा करायला इतर कंपन्यांची माणसं धावली. एका वेळी अडीच हजारांपर्यंत लोक तिथे राबत होते आणि १ जूनला उत्पादन पुन्हा सुरू झालं. त्यानंतर टोयोटाने खालच्या पायऱ्यांचा नकाशा काढायला घेतला. शिवाय चिपच्या बाबतीत आपल्याच तत्त्वाला मुरड घालून पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. २०२१मध्ये जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा सुरुवातीचे काही महिने टोयोटा त्यामुळेच तरली. पुढे तिलाही उत्पादन कमी करावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

साठा ठेवायचा होता पुरवठादारांनी. त्याचा भार कोणी उचलायचा? टोयोटा दर वर्षी पुरवठादारांकडून भाव कमी करून मागते. त्यातला काही हिस्सा या साठ्यापोटी त्यांना परत देण्याची सोय केली गेली. चिठ्ठ्या आणि रिकामे रॅक सगळ्यांना दिसतात. हा व्यवहार दिसत नाही, म्हणून त्याची नक्कलही फारशी होत नाही.

लागेल तेव्हाच माल, म्हणजे 'जस्ट इन टाइम' किंवा 'जेआयटी', हा शब्द आपल्याकडे भोसरी-चाकणच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. एका ओळखीच्या व्हेंडरच्या शेडमध्ये मध्यंतरी गेलो होतो. मशीनिंगचे जॉब करतात, पाच-सहा व्हीएमसी मशीन आहेत. त्यांनी आधी शेड दाखवलीच नाही, गाडीत बसवून एका भाड्याच्या गोडाऊनवर नेलं. कंपनीचं गेट तिथून दहा मिनिटांवर. आत तीन आठवड्यांचा तयार माल, क्रेटवर क्रेट. "कंपनीच्या स्टोअरमध्ये गेलात तर रॅक रिकामे दिसतील," ते म्हणाले. "तो माल बघायचा असेल तर इथे यायचं."

त्यांच्यामुळे लाइन थांबली तर डेबिट नोट येते, म्हणून हा साठा. त्यावर अडकलेलं भांडवल त्यांचं, भाडं त्यांचं. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा २००६पासून आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. मी कायद्याचा विषय काढल्यावर ते हसले. तक्रार करता येते. पुढच्या महिन्याचं शेड्यूल कोणाकडे जाईल, ते तेवढं सांगता येत नाही.

मग मी त्यांना आयसिनच्या आगीची गोष्ट सांगितली. फिक्श्चर नसताना झडप कशी पकडली असेल, यावर त्यांनी पाच मिनिटं चर्चा केली, कागदावर एक आकृतीही काढली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "पण त्या बासष्ट जणांना पैसे मिळाले का?"

मिळाले. आपत्कालीन कामाचा खर्च आयसिनने दिला. वर टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना त्या जानेवारी-मार्च तिमाहीत टोयोटाला विकलेल्या मालाच्या एक टक्का रक्कम दिली, एकूण सुमारे १५ अब्ज येन. त्या पुरवठादारांनी तसंच आपल्या खालच्यांना दिलं.

त्यांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला, आपल्या मागच्या तिमाहीच्या बिलाचा एक टक्का काढला आणि तो आकडा मला दाखवला.